जॉन पेटन यांचे टान्ना बेटावरील दिवस

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस, पॅसिफिक महासागरांत, ज्या द्वीपसमूहास पूर्वीं न्यू हेब्रिडीज म्हणत आणि जो १९८० सालीं स्वतंत्र होऊन वानुआतू झाला, त्याच्या दक्षिण भागांत टान्ना नांवाचें बेट आहे. तेथें यासूर हा ज्वालामुखी अहोरात्र धुमसत असतो. त्याच्या नजीकच्या बंदरांत कॅप्टन कुक १७७४ सालीं आला होता. त्याच्या जहाजावरून त्या बंदरास पोर्ट रिझोल्यूशन हें नांव पडलें. याच ठिकाणीं ५ नोव्हेंबर १८५८ रोजीं जॉन गिब्सन पेटन हा स्कॉच तरुण आपली नवपरिणीत पत्नी मेरी हिच्यासह राहावयास आला.

पेटन यांचा जन्म २४ मे १८२४ रोजीं डम्फ्रीज परगण्यांत झाला. बाप घरींच मागावर पायमोजे विणी. अकरा भावंडांत जॉन वडील. बारा वर्षांचा होण्यापूर्वींच शाळा सोडून तो बापाच्या धंद्यास लागला. सकाळीं सहापासून रात्रीं दहापर्यंत काम, आणि जेवणाच्या सुटींत वांचलेल्या मिनिटांत लॅटिन! पुढें दहा वर्षें त्यांनीं ग्लासगोच्या दरिद्री वस्तींत धर्मसेवा केली आणि मग बेटांची वाट धरली.

टान्नावर पहिलें काम घराचें. समुद्रांतील पोंवळ्याचा दगड भाजून चुना करावयाचा, उंसाच्या पाल्यानें छप्पर शाकारावयाचें. मात्र घर बांधलें तें किनाऱ्याच्या सखल जागीं, आणि त्या जागेनें घात केला. १२ फेब्रुवारी १८५९ रोजीं त्यांस पुत्र झाला. ३ मार्च रोजीं मेरी हिवतापानें गेली, आणि २० मार्च रोजीं बाळही गेलें. विवाहास तेव्हां वर्षही पुरें झालें नव्हतें. स्वतः ज्वरानें क्षीण झालेल्या पेटन यांनीं घराजवळ स्वतःच्या हातांनीं कबर खणली, तिच्याभोंवतीं पोंवळ्याचे दगड रचले आणि वर पांढरे खडे पसरले. पुढें तापानें पुनःपुन्हां गांठलें, तेव्हां टेकडीवर राहावयास जाण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं. चढण चढवेना, म्हणून ते हातापायांवर रांगत निघाले. त्या वेळीं त्यांना जगविलें तें अनाइत्यूम बेटाहून आलेल्या अब्राहाम नांवाच्या ख्रिस्ती शिक्षकानें. पेटन यांचें नांव सर्वांस ठाऊक आहे; अब्राहामचें फारच थोड्यांस, आणि हें कांहीं योग्य नव्हे.

भाषा शिकण्याची रीत मोठी मौजेची होती. दोघे टान्नावासी त्यांच्या वस्तूंकडे बोट दाखवून एकमेकांस कांहीं विचारीत असतां पेटन यांनीं ताडलें कीं, हें काय आहे असेंच ते विचारीत असावेत. त्यांनीं लांकडाचा एक तुकडा उचलून तोच प्रश्न केला; दोघे हंसले आणि त्यांनीं नांव सांगितलें. झालें, किल्ली हातीं आली! दिवसभर शब्द टिपावयाचे आणि चुकतमाकत ते बोलून पाहावयाचे. पुढें एक लहान छापखाना आला. छापण्याची कला ठाऊक नव्हती; पानांची जुळणी वारंवार चुके. अखेर मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास पहिला कागद बिनचूक निघाला, तेव्हां या गंभीर उपाध्यायांनीं टोपी हवेंत उडविली आणि शाळकरी पोराप्रमाणें यंत्राभोंवतीं नाच केला.

चोऱ्यांचा उपद्रव निराळाच. पावसाळ्यांत भिजलेलीं अंथरुणें उन्हांत घालावीं, तर शत्रु आल्याची हूल उठवून लोक तीं लांबवीत. किटली गेली, ती ब्लॅंकेटाच्या मोबदल्यांत परत आली, पण झांकण आलें नाहीं. तें बेटाच्या पलीकडच्या बाजूस गेलें होतें!

याहून कठीण प्रसंग पुढें आले. चंदनाच्या व्यापाऱ्यांच्या जहाजांतून गोवर आला आणि त्यानें बेटावर हाहाकार उडविला. वादळें झालीं. या सर्व अरिष्टांचें खापर नव्या धर्मावर फुटलें. मे १८६१ मध्यें एरोमांगा बेटावर गॉर्डन दंपती मारलें गेलें. अखेर फेब्रुवारी १८६२ मध्यें सर्वस्व टाकून पेटन यांस टान्ना सोडावें लागलें. ही सर्व हकीकत मुख्यत्वें त्यांच्या १८८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रावरून आपणांस कळते; टान्नाच्या लोकांनीं आपली बाजू लिहून ठेविली नाहीं, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. तसेंच, १८६५ सालीं कुरासोआ या ब्रिटिश युद्धनौकेनें पोर्ट रिझोल्यूशनवर तोफा डागल्या, तेव्हां मिशनऱ्यांनीं तिची सोबत केल्याबद्दल ख्रिस्ती लोकांनींही पेटन यांस दोष दिला. आमच्या मतें तो दोष अगदींच निराधार नव्हता.

मधल्या काळांत ऑस्ट्रेलियांतील संडे स्कूलच्या मुलांनीं सहा सहा पेन्सांचे भाग घेऊन डेस्प्रिंग या जहाजास हातभार लाविला. १८६४ सालीं पेटन यांनीं मार्गारेट व्हाइटक्रॉस यांच्याशीं विवाह केला, आणि १८६६ च्या नोव्हेंबरांत तीं उभयतां टान्नाशेजारच्या अनिवा या सपाट बेटावर गेलीं. तेथें गोड्या पाण्याचें दुर्भिक्ष. पेटन विहीर खणूं लागले, तेव्हां नामाकेई हा वृद्ध नायक चिंताक्रांत झाला. पाऊस आकाशांतून पडतो, जमिनींतून कोठून येणार? पेटन यांस वेड लागलें, असेंच त्यास वाटलें. मजूर यावेत म्हणून पेटन मासे धरण्याचे गळ देत. बारा फुटांवर एक बाजू ढांसळली, तेव्हां लोकांनीं आंत उतरण्याचें साफ नाकारलें. मग पेटन एकटेच खालीं खणीत, आणि वरचे लोक माती ओढून घेत. तीस फुटांच्या पुढें पाणी लागलें. पेटन यांनींही तें भीत भीतच चाखलें. समुद्र इतका जवळ, पाणी खारट निघालें असतें तर? पण तें गोड निघालें. नामाकेईनें भांडें हातांत घेऊन हलविलें, पाणी सांडतें कीं नाहीं तें पाहिलें, मगच प्यायला. पुढच्या रविवारीं त्यानें स्वतः उभें राहून लोकांस उपदेश केला. नंतर बेटकऱ्यांनीं अन्यत्र विहिरी खणून पाहिल्या. कोठें कठीण खडक लागला, कोठें खारें पाणी.

२४ ऑक्टोबर १८६९ रोजीं अनिवावर पहिलें प्रभुभोजन झालें. त्यांत बारा बेटकरी होते. शास्त्राच्या छपाईचा खर्च भागावा म्हणून तेथील लोक आरारूट तयार करून विकावयास पाठवीत. अनिवाच्या भाषेंतील नवा करार १८९९ सालीं छापला गेला. २८ जानेवारी १९०७ रोजीं पेटन यांनीं मेलबर्न येथें देह ठेविला. ज्या टान्नावरून त्यांस पळावें लागलें होतें, त्याच बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, लेनाकेल येथें, १८९६ सालीं त्यांचा पुत्र फ्रॅंक पत्नीसह राहावयास गेला होता.