धर्मानंद कोसंबी : नेपाळच्या वाटेवर

गोव्यातील साखवाळ या गावी ९ ऑक्टोबर १८७६ रोजी जन्मलेले धर्मानंद दामोदर कोसंबी पुढे पाली भाषेचे व बौद्ध तत्त्वज्ञानाचे थोर पंडित म्हणून मान्यता पावले. हार्वर्ड विद्यापीठाला ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांचे साहाय्य घ्यावेसे वाटले, ‘भगवान बुद्ध’ हा त्यांचा ग्रंथ मराठी घरांतून वाचला गेला, या गोष्टी सर्वश्रुत आहेत. परंतु वयाच्या पंचविशीत, पालीचे एक अक्षरही ठाऊक नसताना, एका परक्या देशाकडे डोळे लावून बसलेला जो तरुण होता, त्याची कथा त्यामानाने कमी सांगितली जाते.

शालेय शिक्षण त्यांना जवळजवळ मिळालेच नाही. प्रकृती अशक्त, लहान वयात झालेले लग्न आणि घरच्या माडांची देखभाल, एवढ्यातच आयुष्य सरायचे, असा रंग दिसत होता. मराठी पुस्तके मात्र मिळतील तेथून मिळवून ते वाचीत. १८९७ साली ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकातील बुद्धचरित्रावरचा लेख त्यांच्या वाचनात आला. हे मासिक ख्रिस्ती मिशनरी चालवीत. त्यातील चार पानांनी गोव्यातील एका ब्राह्मण तरुणाला बौद्ध धर्माकडे वळवावे, हा योगायोग मोठा विलक्षण म्हटला पाहिजे. पुढे बुद्धाचे एक मराठी चरित्रही त्यांना मिळाले आणि त्याची पारायणे सुरू झाली. ज्या माणसाच्या चरित्राने आपल्याला इतके हलवले, त्याचा धर्म जेथे अजून जिवंत असेल तेथे जायचे आणि तो मुळातून शिकायचा, हा निश्चय तेव्हापासूनचा.

जायचे कोठे, हा प्रश्न होता. हिंदुस्थानात तो धर्म जवळपास लोपलेला. नेपाळात मात्र तो टिकून असल्याचे ऐकिवात होते, आणि बुद्धाचे जन्मस्थान दाखविणारा लुंबिनीचा अशोकस्तंभ १८९६ सालीच नेपाळच्या तराईत उजेडात आला होता. शिवाय बौद्धांचे संस्कृत ग्रंथ त्या देशातच जतन झालेले. म्हणून आधी संस्कृत आणि मग नेपाळ, असा क्रम धर्मानंदांनी मनाशी ठरवला. या विचारात भाबडेपणा होता असे कोणी म्हणेल, पण त्यात शिस्तही होती. आपल्या आवडीच्या देशात रिकाम्या हाताने जायचे नाही, तेथील ग्रंथ वाचता आले पाहिजेत, हे त्यांना पक्के उमगले होते.

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. मागे पत्नी बाळाबाई आणि त्याच वर्षी जन्मलेली कन्या माणिक. या त्यागाचे कौतुक करताना त्याचे अर्धे ओझे बाळाबाईंनी वाहिले, हे विसरून चालणार नाही. धर्मानंदांच्या पुढील सर्व यशाचे मोल त्या घराने आधीच चुकते केले होते. पुण्यास डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या आश्रयाने काही काळ गेला. तेथून उज्जैन, इंदूर, ग्वाल्हेर, प्रयाग असे करीत ते काशीस पोहोचले. वाटेतील या गावांतून मराठी माणसे होती म्हणूनच अशा निष्कांचन विद्यार्थ्याचा प्रवास पुढे सरकू शकला.

काशीत गंगाधरशास्त्री यांच्या चरणी अध्ययन आणि अन्नछत्रात जेवण, असा दिनक्रम सुरू झाला. एक वेळचे अन्न मिळाले तरी दुसऱ्या वेळेची शाश्वती नसे. सोबतचे विद्यार्थी पौरोहित्याचा नाहीतर शास्त्रीपदाचा विचार करीत. धर्मानंदांची सारी धडपड मात्र नेपाळच्या खोऱ्यासाठी होती. तो देश त्यांनी केवळ कल्पनेने रचला होता. जेथे विहार आहेत, भिक्षू आहेत आणि बुद्धाचे वचन शिकविणारे गुरू आहेत, असे त्याचे रूप होते.

१९०२ साली ते अखेर निघाले. त्या काळी काठमांडूस मोटाररस्ता नव्हता. तराईचे जंगल ओलांडून भीमफेदी, चिसापानी, चंद्रागिरी असे चढ पायीच चढावे लागत. इतक्या कष्टांनी गाठलेल्या त्या खोऱ्यात स्वयंभूनाथ होते, बौद्धनाथाचा स्तूप होता, पण ज्यासाठी आले ते नव्हते. जुन्या विहारांत भिक्षुसंघ उरला नव्हता. तेथे वज्राचार्यांची कुटुंबे संसार करीत व वंशपरंपरेने पौरोहित्य चालवीत. तांत्रिक विधींचे प्राबल्य होते. अध्ययनाची सोय कोठेच दिसेना. धर्मानंद अतिशय खिन्न झाले. नेवार बौद्धांच्या त्या परंपरेलाही स्वतःचे मोल आहे, हे आजच्या अभ्यासकाला दिसते. परंतु बुद्धाच्या मूळ उपदेशाचा ध्यास घेतलेल्या तरुणाला ते दिसणे शक्य नव्हते, आणि त्याचा दोष त्याला देता येणार नाही.

येथे एखादा परत फिरला असता. गोव्याची वाट मोकळी होती आणि घरी कोणी बोल लावला नसता. धर्मानंदांनी मात्र आपले चुकले ते ठिकाण, ध्येय नव्हे, असा निर्णय केला. गया, कलकत्ता या मार्गाने ते त्याच वर्षी सिंहलद्वीपात कोलंबोस उतरले. तेथील विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी त्यांना पाली शिकता आले. ग्रंथ सिंहली लिपीत, म्हणून आधी ती लिपी गिरवावी लागली. भिक्षुसंघात प्रवेश घेऊन त्यांनी तेथे अध्ययन केले व पुढे ब्रह्मदेशात तेथील पाठांशी ताडून पाहिले.

१९०६ साली ते बाळाबाईंना आणावयास गोव्यास गेले. मधल्या काळात माणिक सात वर्षांची झाली होती. कलकत्त्याची पाली अध्यापनाची नोकरी त्यांनी पुढे सोडली, कारण हे ज्ञान मराठी माणसांना मराठीत द्यावे ही त्यांची तळमळ होती. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यासाठी दरमहा ५० रुपये देऊ केले. अट एवढीच, की महाराष्ट्रात राहावे आणि वर्षाकाठी एक पुस्तक लिहावे.