फेर्मी यांचे अखेरचे कोडे

ऊर्जा एके ठिकाणी साचली, तर कालांतराने ती सर्व घटकांत समप्रमाणात वाटली जाते आणि व्यवस्थेला आपल्या पूर्वावस्थेचे विस्मरण होते, ही पदार्थविज्ञानाची जुनी श्रद्धा होय. एन्रीको फेर्मी यांनी १९२३ साली, वयाच्या अवघ्या बाविशीच्या उंबरठ्यावर, या श्रद्धेला गणिती आधार देण्याचा प्रयत्न केला होता.

१९०१ साली रोम येथे जन्मलेल्या या शास्त्रज्ञाची कीर्ती पुढे अणुगर्भाच्या संशोधनाने झाली. १९३८ साली नोबेल पारितोषिक स्वीकारण्यास स्टॉकहोमला गेलेले फेर्मी मुसोलिनीच्या वंशभेदी कायद्यांमुळे ज्यू पत्नीसह परस्पर अमेरिकेस गेले. युरेनियमपासून नवी मूलद्रव्ये मिळाल्याचा त्यांचा निष्कर्ष अणुभंजनाच्या शोधाने लगेच डळमळीत झाला. नोबेल व्याख्यान छापताना त्यांनी तळटीपेत तशी नोंद केली. १९४२ साली शिकागोत पहिली नियंत्रित शृंखला-अभिक्रिया त्यांनीच घडवून आणली.

कीर्तीच्या शिखरावर असताना, १९५३ साली, ते तरुणपणीच्या प्रश्नाकडे परतले. लॉस अलामोस येथील मॅनिअ‍ॅक संगणकावर पास्टा व उलाम यांच्यासह त्यांनी स्प्रिंगांनी जोडलेल्या कणांची साखळी गणिताने हलवून पाहिली. पहिल्या कंपनाला दिलेली ऊर्जा सर्व कंपनांत विखुरेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ती मोजक्याच कंपनांत फिरून बव्हंशी मूळ जागी परतली! १९५४ च्या नोव्हेंबरात कर्करोगाने फेर्मी निवर्तले. अहवाल १९५५ साली निघाला. आज्ञावली रचणाऱ्या मेरी त्सिंगू यांचे त्यात आभार मानले गेले, पण अहवालाच्या लेखकांत त्यांचे नाव नव्हते. त्यांचे नाव या प्रश्नाशी जोडले जाऊ लागले ते अर्धशतकानंतर.

हे कोडे पुंजविश्वातही निराळ्या रूपाने उभे राहिले. विस्कळीत पदार्थात इलेक्ट्रॉनच्या तरंगाचा प्रसार खुंटू शकतो, हे अँडरसन यांनी १९५८ साली दाखवले. २०१७ साली हार्वर्ड येथे ५१ अणूंची रांग मांडण्यात आली. शेजारचे दोन अणू एकाच वेळी उत्तेजित होऊ नयेत, असे बंधन तीत होते. विशिष्ट आरंभस्थितीतून सोडलेली ही रांग अपेक्षेहून कितीतरी अधिक काळ त्या स्थितीची आठवण राखत आंदोलत राहिली.

फेर्मी यांचा खरा वारसा येथेच आहे. उत्तर ठाऊक आहे असे वाटत असतानाही त्यांनी ते तपासून पाहिले. नामवंतांच्या मताला प्रमाण मानून प्रश्न मिटवणाऱ्या विद्यापीठांनी या वृत्तीचे अनुकरण केले, तर तेच त्यांचे उचित स्मारक ठरेल.