खाणीतून समुद्राकडे

चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस हे गाव कोळशाच्या खाणींसाठी ओळखले जाते. खाणीतील विषारी वायूंचा अभ्यास करणाऱ्या एका शास्त्रज्ञाने पुढे खोल समुद्रातील पाणबुड्यांचेही प्राण वाचवले. त्यांचे नाव जॉन स्कॉट हॉल्डेन.

हॉल्डेन यांचा जन्म १८६० साली स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे झाला. ते डॉक्टर झाले. पण दवाखाना न काढता ऑक्सफर्ड विद्यापीठात श्वसनाचा अभ्यास करू लागले. १८९६ साली वेल्समधील एका खाणीत स्फोट झाला. मृत मजुरांची तपासणी केल्यावर हॉल्डेन यांना आढळले, की बहुतेकांचा बळी आगीने नव्हे, तर कार्बन मोनॉक्साइड या वायूने घेतला होता. या वायूला वास नसतो. त्याचा प्रयोग हॉल्डेन यांनी स्वतःवरही केला होता! लहान जिवांवर त्याचा परिणाम लवकर होतो. म्हणून खाणीत उंदीर किंवा छोटा पक्षी सोबत न्यावा, असे त्यांनी सुचवले. ब्रिटनच्या खाणींत कॅनरी पक्ष्यांचे पिंजरे १९८६ पर्यंत वापरात होते.

पाणबुड्यांचा प्रश्न निराळा होता. भूमध्य समुद्रात स्पंज काढणारे पाणबुडे पाण्याखाली ठणठणीत असत. वर आल्यावर मात्र कोणी पांगळा होई, कोणी मरे. असे का व्हावे? दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. त्यामुळे श्वासातील नायट्रोजन रक्तात मुरतो. माणूस झटकन वर आला, की सोड्याच्या बाटलीप्रमाणे रक्तात बुडबुडे होतात. हे कारण फ्रान्सचे पॉल बेर यांनी १८७८ साली सांगितले होते. पण किती सावकाश वर यावे, याचे उत्तर कोणाजवळ नव्हते.

ब्रिटिश नौदलासाठी हॉल्डेन यांनी ते शोधले. लोखंडी कोठीत शेळ्या ठेवून त्यांनी हवेचा दाब कमीजास्त केला. शेळीने पुढचा पाय उचलून धरला, की तिला वेदना होत आहेत हे कळे. बिचाऱ्या काही शेळ्या मेल्याही. दाब एकदम निम्मा केला तरी सहसा अपाय होत नाही, असे दिसले. म्हणून पाणबुड्याने आधी निम्म्या दाबापर्यंत यावे, तेथे थांबावे आणि मग टप्प्याटप्प्याने वर सरकावे, असा नियम ठरला. १९०६ साली स्कॉटलंडजवळ नौदलाचे पाणबुडे २१० फूट खोल जाऊन सुखरूप परतले. तेव्हा हॉल्डेन यांचा तेरा वर्षांचा मुलगा जॅकही समुद्रात उतरला होता. मोठ्या मापाच्या पोशाखात पाणी शिरले, तरी तो घाबरला नाही.

१९०८ साली हे कोष्टक प्रसिद्ध झाले. पुढे आकडे बदलले; पण भूमध्य समुद्रातील खडकांभोवती खोल उतरणारे पाणबुडे आजही थांबत थांबतच वर येतात.

१९३६ साली हॉल्डेन यांचे निधन झाले. जॅक म्हणजेच जे. बी. एस. हॉल्डेन. तेही नामवंत शास्त्रज्ञ झाले. १९५७ साली ते भारतात आले, येथील नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे वारले.