घरी सोडलं, पण हात सोडला नाही

मैत्रिणींनो, आपल्या घरात नाही तर शेजारीपाजारी तरी असं एखादं लेकरू असतंच. पाऊल वाकडं आहे म्हणून, हृदयाला भोक आहे म्हणून, नाहीतर फिट येतात म्हणून त्याला मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात नेलेलं असतं. पैशांची जुळवाजुळव होते, नवस बोलले जातात, सगळी गल्ली चौकशी करते. उपचार नीट होतात, डिस्चार्ज मिळतो. फाईल आणि एक्स-रेची मोठी पाकिटं पिशवीत कोंबून, लेकरू कडेवर घेऊन आई एसटीतून उतरते. आणि मग?

सहा आठवड्यांनी दाखवायला या, असं कागदावर लिहिलेलं असतं. पण तेव्हा नेमकी सोयाबीनची काढणी निघते, हातात पैसा नसतो, नवऱ्याला रजा नसते. पोर तर बरं दिसतंय, आता कशाला एवढा खर्च, असं घरातल्या मोठ्यांचं मत पडतं. तारीख हुकते. एक हुकली की दुसरी हुकायला वेळ लागत नाही. वर्षभराने पाऊल पुन्हा होतं तिथेच, आणि बोल मात्र आईला.

हा घोळ फक्त आपल्याकडचाच नाही बरं का. सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या खेड्यापाड्यांतही हेच चालायचं. तो निस्तरायला कंबर कसली ती एका बाईने. ती डॉक्टर नव्हती, नर्स होती आणि स्वतः पायाने अधू होती. तिचं नाव अ‍ॅग्नेस हंट.

अ‍ॅग्नेसचा जन्म ३१ डिसेंबर १८६६ चा, लंडनमधला. वाढली मात्र ती श्रॉपशायर परगण्यात, बॅशचर्च गावाजवळ. घर खात्यापित्या जमीनदारांचं, भावंडं भरपूर. साधारण दहा वर्षांची असताना तिच्या अंगात विष भिनलं आणि ते खुब्याच्या हाडात उतरलं. अँटिबायोटिक्स अजून कुणाला ठाऊकही नव्हती. जीव वाचला, पण खुबा कायमचा गेला. पुढचं सगळं आयुष्य वेदनेच्या सोबतीने काढायचं, हे शाळकरी वयातच ठरून गेलं.

तिच्या घरात एक मात्र चांगलं होतं. अधू म्हणून तिला कुणी कोपऱ्यात बसवून ठेवलं नाही. आई मोठी खमकी. नवरा गेल्यावर ही बाई मुलांना घेऊन थेट ऑस्ट्रेलियाला निघाली, तेही अंगोरा बकऱ्या पाळायच्या बेताने! बकऱ्यांचा बेत बारगळला, पण अ‍ॅग्नेस त्या परक्या मुलखात धडपडायला शिकली. दुखणाऱ्या माणसाला कीव नको असते, काम हवं असतं, ही तिची पुढची सगळी शिकवण या दिवसांतूनच आली.

इंग्लंडला परतल्यावर तिने नर्स व्हायचं ठरवलं. आता लंगडणाऱ्या मुलीला नर्सिंगला कोण घेणार? नकार आले. शेवटी १८८७ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर ऱ्हिल इथल्या मुलांच्या हॉस्पिटलात तिला शिकायला मिळालं. तिथे दोन गोष्टी तिच्या पदरी पडल्या. एक म्हणजे मोकळ्या हवेत आजारी मुलं कशी तरतरीत होतात, हे तिने डोळ्यांनी पाहिलं. दुसरी म्हणजे एमिली गूडफर्ड नावाची जिवाभावाची मैत्रीण भेटली. पुढे आणखी हॉस्पिटलांतून शिकून, घरोघर जाऊन रुग्णसेवाही करून अ‍ॅग्नेस पक्की तयार झाली.

१ ऑक्टोबर १९०० रोजी या दोघी मैत्रिणींनी बॅशचर्चमध्ये फ्लोरेन्स हाऊस नावाच्या घरात अधू मुलांसाठी आजारानंतरच्या विश्रांतीचं केंद्र उघडलं. पैसा बेताचा, घर जुनं आणि त्याचा जिना अवघड. प्लास्टरमधल्या, फळीला बांधलेल्या मुलांना वर उचलून न्यायचं कसं? मग अंगणातच एका बाजूने उघड्या अशा शेड उभारल्या आणि खाटा तिथे टाकल्या. थंडी असो, पाऊस असो, मुलं तिथेच झोपायची. गावकऱ्यांना हा वेडेपणा वाटला असेल, पण मुलं खायला-प्यायला लागली, हसायला लागली.

ती मुलं होती कोण? बहुतेक गरिबांची. कुणाला हाडाचा क्षय, कुणाला मुडदूस, कुणाचा पाय पोलिओने लुळा, कुणाचं पाऊल जन्मापासून वाकडं. हाडाचा क्षय तर पुष्कळदा क्षय झालेल्या गाईचं कच्चं दूध पोटात गेल्यामुळे व्हायचा. औषध नव्हतं. सांधा महिनोन्‌महिने हलू न देणं, चांगलं अन्न आणि मोकळी हवा, एवढाच इलाज. म्हणजे ही दुखणी आठ दिवसांत बरी होणारी नव्हतीच. शहरातल्या हॉस्पिटलात खाटा मोजक्या, तिथे इतका काळ मूल ठेवणार कसं? घाईने घरी पाठवायचे, घरी हेळसांड व्हायची आणि मूल आधीपेक्षा वाईट अवस्थेत परत यायचं.

१९०३ मध्ये अ‍ॅग्नेसचं स्वतःचं दुखणं बळावलं. ती लिव्हरपूलला रॉबर्ट जोन्स या नामांकित हाडांच्या सर्जनकडे गेली. पेशंट म्हणून गेलेल्या या बाईने डॉक्टरलाच आपल्या कामात ओढलं! आधी ती मुलांना आगगाडीत घालून लिव्हरपूलला न्यायची. फळ्यांवर बांधलेली मुलं गाडीत चढवायची, उतरवायची, तपासून झाली की परत आणायची. जोन्स यांनी तिची ही जिद्द पाहिली आणि ते स्वतःच महिन्यातून एकदा बॅशचर्चला यायला लागले. पुढे शस्त्रक्रियाही तिथेच होऊ लागल्या. अंगणातल्या शेडचं बघता बघता खरंखुरं हॉस्पिटल झालं.

एवढ्यावरही अ‍ॅग्नेसचं नाव राहिलं असतं. पण तिचं खरं मोठेपण पुढच्या गोष्टीत आहे.

महिनोन्‌महिने जपलेलं मूल घरी गेलं की केलेलं सगळं पाण्यात जातंय, हे तिच्या लक्षात आलं. मूल वाढतं, पण त्याच्या पायाला लावलेली लोखंडी पट्टी वाढत नाही. पट्टा तुटतो, बूट झिजतो, मूल रडतं म्हणून आई रात्री पट्ट्या सोडून ठेवते. हॉस्पिटल लांब, गाडीभाडं परवडत नाही, घरी आणखी चार मुलं. अशा आयांना बेफिकीर म्हणून मोकळं होणं सोपं होतं. अ‍ॅग्नेसने दोष आईवर टाकला नाही. आईला येणं जमत नसेल, तर हॉस्पिटलनेच आईच्या जवळ जावं, असं तिने ठरवलं.

मग श्रॉपशायरमधल्या आणि आसपासच्या परगण्यांतल्या छोट्या बाजारगावांत एकेक करून तपासणी केंद्रं निघाली. आईला बाजारहाटासाठी नाहीतरी त्या गावी यावंच लागायचं. ठरलेल्या दिवशी हॉस्पिटलची अनुभवी सिस्टर तिथे हजर. ती पट्ट्या तपासणार, सैल-घट्ट करणार, व्यायाम घेणार, आईला ते घरी कसे करायचे हे दाखवणार. ठरावीक काळाने सर्जनही तिथे येणार. जे मूल आलं नाही, त्याच्या घरी गावातल्या कार्यकर्त्या बाया चौकशीला जाणार. कुणाचा पट्टा तुटला, कुणाकडे गाडीभाडं नाही, हे त्यांना कळायचं आणि त्यातून वाट काढली जायची.

याचा दुसरा फायदा तर कुणाच्या ध्यानीमनीही नसेल. केंद्र जवळ आल्यावर आया मुलांना लवकर दाखवायला लागल्या. पाय पुरता वाकण्याआधीच, पाठीला पोक येण्याआधीच दुखणं सापडायला लागलं. कित्येकांना हॉस्पिटलात ठेवायची गरजच उरली नाही. ज्यांना ठेवावं लागायचं, त्यांनाही लवकर घरी पाठवता यायचं, कारण घरी गेल्यावर बघणारं कुणीतरी होतं. त्या काळी मुलं महिनोन्‌महिने आईवडिलांपासून दूर हॉस्पिटलात पडून असायची. त्यांच्या दृष्टीने ही केवढी मोठी गोष्ट!

पहिल्या महायुद्धात बॅशचर्चला जखमी सैनिकही आले. त्या सेवेबद्दल १९१८ मध्ये अ‍ॅग्नेसला रॉयल रेड क्रॉस हा सन्मान मिळाला. १९१९ मध्ये रॉबर्ट जोन्स आणि गॅथॉर्न गर्डलस्टन या सर्जननी सगळ्या देशासाठी एक योजना मांडली. मध्यभागी एक मोठं हाडांचं हॉस्पिटल आणि त्याच्याभोवती गावोगाव तपासणी केंद्रं, असा तिचा आराखडा होता. नमुना अर्थात बॅशचर्चचा! १९२१ मध्ये ऑस्वेस्ट्री गावाजवळच्या जुन्या लष्करी इस्पितळाच्या जागेत अ‍ॅग्नेसचं हॉस्पिटल हललं. १९२६ मध्ये तिला डेम हा किताब मिळाला.

बाई तरीही थांबली नाही. मूल बरं झालं, मोठं झालं, आता पोटापाण्याचं काय, हा प्रश्न तिला छळायचा. १९२७ मध्ये तिने हॉस्पिटलला लागूनच डेरवेन हे प्रशिक्षण केंद्र सुरू केलं. अपंग तरुण-तरुणींनी हातात कला घ्यावी, चार पैसे मिळवावेत, यासाठी. १९३८ मध्ये तिची आत्मकथा प्रसिद्ध झाली. २४ जुलै १९४८ रोजी ती गेली. योगायोग बघा, त्याच महिन्याच्या ५ तारखेला ब्रिटनमध्ये सगळ्यांसाठी मोफत सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली होती. ऑस्वेस्ट्रीचं ते हॉस्पिटल आजही चालू आहे आणि त्याला रॉबर्ट जोन्स व अ‍ॅग्नेस हंट या दोघांचंही नाव आहे.

आता काळ पुष्कळ बदलला. क्षयावर औषधं आली. भारत २०१४ मध्ये पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. पण लांबणारी दुखणी काही संपली नाहीत. जन्मतः वाकडं पाऊल घ्या. आज दर आठवड्याला प्लास्टर बदलून ते थोड्याच आठवड्यांत सरळ करता येतं. मात्र त्यानंतर चार-पाच वर्षांचं होईपर्यंत मुलाला रात्री खास बूट घालावे लागतात. दिसायला पाय सरळ झालेला असतो, म्हणून घरचे बूट बंद करतात आणि पाऊल पुन्हा वळतं. सांधेतापाने हृदयाची झडप बिघडलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं, तिथेही हीच गत. फिटच्या गोळ्यांचंही तेच.

आपल्याकडे २०१३ मध्ये पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात अंगणवाडी आणि शाळेतल्या मुलांची तपासणी होते, गरज असेल त्याला पुढे पाठवलं जातं. अ‍ॅग्नेसच्या कल्पनेशी नातं सांगणारंच हे काम. पण साखळीची शेवटची कडी घरातच असते, आणि ती बहुतेक वेळा आईच्या हातात असते.

म्हणून डिस्चार्ज घेताना थोडं थांबा. पुढची तारीख काय, मधल्या काळात आमच्या जवळपास कुणाला दाखवायचं, काय झालं तर ताबडतोब यायचं, हे विचारून घ्या. विचारायला लाजू नका. सगळे कागद एकाच फाईलमध्ये ठेवा, तारीख कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहा. आणि आपल्या घरी असं मूल नसेल, तर शेजारणीला तिची तारीख आठवून द्या, त्या दिवशी तिची बाकीची मुलं सांभाळा, जमलं तर सोबत जा. बॅशचर्चच्या आसपासच्या गावांतल्या त्या बायांनी याहून निराळं काही केलं नव्हतं. त्यांची नावं आज कुणाला ठाऊक नाहीत, पण त्यांच्यामुळे कितीतरी मुलं आपल्या पायांनी चालत शाळेत गेली.