मुक्तिबोध: आधी बंदी, मग अर्थसाहाय्य

गजानन माधव मुक्तिबोध यांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी श्योपूर येथील मराठी कुटुंबात झाला. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत, मुक्तिबोधांनी हिंदी स्वीकारली. आयुष्य ओढगस्तीतच गेले. राजनांदगावला अध्यापन करीत असताना, १९६२ मध्ये त्यांच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश शासनाने बंदी घातली. हा घाव त्यांच्या जिव्हारी लागला. १९६४ मध्ये पक्षाघात झाल्यावर त्यांना उपचारांसाठी भोपाळला व तेथून दिल्लीला नेले. ११ सप्टेंबरला ते निवर्तले. त्यांचा पहिला काव्यसंग्रह त्यानंतर प्रसिद्ध झाला.

पुढे त्याच शासनाच्या अर्थसाहाय्याने मणी कौल यांनी त्यांच्या साहित्यावर ‘सतह से उठता आदमी’ (१९८०) हा चित्रपट केला. तिकीटबारीची पर्वा न करणारी ही कृती १९८१ मध्ये कान महोत्सवात दाखवली गेली. तेव्हा मुक्तिबोधांना जाऊन जवळजवळ १७ वर्षे झाली होती.