अंगठाबहाद्दर

सबमिशनच्या आदल्या रात्री शीट्स काढत बसलो होतो. रूममेटने गिटारची एक रेकॉर्ड लावली, मागे व्हायोलिनांचा ताफा. मी म्हटलं, हे तर हॉटेलात जेवताना लावतात तसलं! त्याने मुकाट्याने १९६०ची दुसरी लावली. शप्पथ, पेन्सिल हातातच राहिली. माणूस तोच, वेस माँटगोमेरी.

जन्म १९२३, अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचा. चार्ली ख्रिश्चनच्या रेकॉर्डी ऐकून विशीत गिटार धरली. नोटेशन वाचता येत नसे. शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून पिक टाकून अंगठ्याने वाजवायला लागला, असं सांगतात. म्हणजे दोन्ही अर्थांनी अंगठाबहाद्दर! त्याची खासियत म्हणजे एकच सूर दोन सप्तकांत एकदम छेडायचा. वरच्याची फ्रीक्वेन्सी खालच्याच्या बरोब्बर दुप्पट आणि मधली तार डाव्या बोटाने मुकी केलेली. करून बघा, बोटं रडतात.

घरी सात मुलं. दिवसा कारखाना, रात्री टर्फ बारमध्ये गिटार, तिथून मिसाइल रूम क्लबात पहाटेपर्यंत. आपण एका नाइट-आउटने आडवे होतो! १९५९मध्ये कॅननबॉल ॲडर्लीने त्याला ऐकलं आणि रिव्हरसाइड कंपनीला कळवलं. जाणकार खूश झाले, पण १९६४मध्ये कंपनीचंच दिवाळं वाजलं.

पुढे व्हर्व्ह कंपनीत निर्माता क्रीड टेलरने त्याला पॉप आणि सोल गाण्यांकडे वळवलं. 'गोइन आउट ऑफ माय हेड' मूळ लिटल अँथनी अँड द इम्पीरियल्सचं. त्या नावाच्या वेसच्या अल्बमला ग्रॅमी मिळालं. १९६७मध्ये बीटल्सचं 'अ डे इन द लाइफ'ही वाजवलं. रेकॉर्डी धडाधड खपल्या. गाणी आटोपशीर, सोलोला जागा कमी. वेस विकला गेला, असं समीक्षक म्हणायला लागले.

मीही आधी त्याच पार्टीत होतो. पण 'गोइन आउट' रेकॉर्ड झालं त्याच १९६५मध्ये त्याने विंटन केलीच्या त्रिकुटाबरोबर 'स्मोकिन ॲट द हाफ नोट'ही वाजवलंय, आणि ते भन्नाट आहे. म्हणजे हात गेला नव्हता. आणि त्या गोड गाण्यांतही शब्दांवाचून गाणं गातो तो अंगठाच. सात मुलांच्या बापाला दिवसाची नोकरी न करता गिटारवर घर चालवता आलं, तर नाकं मुरडणारे आपण कोण? व्हायोलिनं जरा जास्त झालीत, हे मात्र मान्य.

हे सुख फार टिकलं नाही. मे १९६८मध्ये 'रोड साँग' रेकॉर्ड केली. १५ जूनला हार्ट ॲटॅकने गेला, वय ४५. ती रेकॉर्ड नंतर बाजारात आली.