दूरदर्शी थेमिस्टोक्लीस

समाजाच्या हाती अवचित द्रव्य आले असता ते आपसांत वाटून घ्यावे की भावी पिढीच्या रक्षणासाठी लावावे, हा प्रश्न फार जुना आहे. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी तो ग्रीस देशातील अथेन्स नगरीपुढे उभा राहिला होता. त्या वेळी लोकांना योग्य मार्ग दाखविणाऱ्या थेमिस्टोक्लीसचे चरित्र म्हणूनच मननीय आहे.

त्याचा जन्म इ. स. पू. ५२४ च्या सुमारास झाला. पित्याचे घराणे फारसे नामांकित नव्हते व माता परदेशीय होती, असे परंपरा सांगते. कुळाचा आधार नसताही बुद्धी व वक्तृत्व यांच्या बळावर तो पुढे आला. इ. स. पू. ४९३ मध्ये आर्कन, म्हणजे नगरीचा मुख्याधिकारी, झाल्यावर त्याने पायरिअस बंदराच्या तटबंदीचे काम आरंभिले. इ. स. पू. ४९० मध्ये मॅरेथॉनच्या रणांगणावर इराणी सैन्याचा पराभव झाला, तेव्हा संकट कायमचे टळले असे बहुतेकांस वाटले. थेमिस्टोक्लीसला मात्र ती मोठ्या युद्धाची नांदी वाटली.

इ. स. पू. ४८३ च्या सुमारास लॉरियनच्या खाणींत रुप्याचा विपुल साठा सापडला. प्रत्येक नागरिकास दहा द्राख्मा वाटून द्यावेत, असा विचार पुढे आला. अथेन्समध्ये कोणाही सेनानीस स्वतःच्या अधिकारात खजिन्यास हात लावता येत नसे. नागरिकसभेची संमती आवश्यक असे. हाती येऊ घातलेले रुपे सोडा, असे भर सभेत सांगणे हे लढाईहून कठीण काम होते. थेमिस्टोक्लीसने दूरच्या इराणची भीती घातली नाही. शेजारच्या एजायना बेटाशी अथेन्सचे वैर होते आणि त्याच्या प्रबळ आरमाराचे शल्य प्रत्येकाच्या मनात होते. तेच पुढे करून त्याने युद्धनौकांसाठी मान्यता मिळविली. नौकांची संख्या कोणी शंभर देतात, हिरोडोटस दोनशे देतो.

इ. स. पू. ४८० मध्ये इराणचा सम्राट झर्क्सीस प्रचंड सैन्यानिशी चालून आला. अथेन्सवासीयांनी नगर सोडले. त्यांच्या बायकामुलांना इतर ठिकाणांबरोबर एजायनानेही आश्रय दिला, हा काळाचा महिमाच म्हटला पाहिजे. शत्रूने नगर जाळले. परंतु सॅलॅमिसच्या अरुंद समुद्रपट्टीत ग्रीक आरमाराने इराणी आरमाराचा मोड केला. त्या आरमारातील सुमारे निम्म्या नौका अथेन्सच्या होत्या. प्रत्येक नौकेस १७० वल्हेकरी लागत. त्यांत भूमिहीन, गरीब नागरिकांचा भरणा मोठा असल्याने पुढे नगरीच्या कारभारात त्या वर्गाचेही वजन वाढले.

ज्या सभेने त्याचे ऐकले, त्याच नागरिकांनी इ. स. पू. ४७१ च्या सुमारास खापरांवर नाव लिहून त्याला हद्दपार केले. पुढे फितुरीचा आरोप आल्यावर त्याने इराणच्याच दरबारी आश्रय घेतला व आशिया मायनरमधील मॅग्नेशिया येथे त्याचा अंत झाला. त्याच्या स्वभावात लोभ व अहंकार होता, असेही चरित्रकार नमूद करतात. परंतु त्याच्या दूरदृष्टीचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

ज्ञातिबांधवहो, निधी वाटला तर प्रत्येकाच्या वाट्यास येणारे दहा द्राख्मा चार दिवसांत संपतात. एकत्र ठेवून त्यातून काही उभारले तर ते संकटसमयी सर्वांस तारते. आपल्या मंडळींनी शिष्यवृत्तीच्या वा वसतिगृहाच्या निधीचा विचार करताना लॉरियनच्या रुप्याचे स्मरण ठेवावे, इतकीच विनंती.